काचेला पाव मिलिमीटरचं भोक कसं पाडायचं

काचेचं काम घेऊन कुणी आलं की आधी विचारायचं: भोक केवढं? एक मिलिमीटरच्या वर असेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही. डायमंडचा पोकळ ड्रिल घ्या, पाण्याची धार सोडा, खाली दुसरी काच चिकटवा, हलक्या हातानं उतरा. बेळगावात काचवाले हे रोज करतात. काच टफन केलेली असेल तर तेही नको. तिच्यात ताण कोंडलेला असतो, कुठूनही टोचलं तरी तुकडे होणार. असली काच ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन मागे ठेवायचा आणि पोलरॉइडचा गॉगल डोळ्यापुढं फिरवत काचेतून बघायचं. स्क्रीन काळा झाल्यावरही काचेत उजळ पट्टे-ठिपके दिसले तर आत ताण आहे. जॉब परत द्यायचा.

खरी पंचाईत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली सुरू होते. आमच्या उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कास्टिंगपासून हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं होतं, स्पार्क इरोजन आणि वायरकट गल्लोगल्ली आहे. माझंही शॉप डाय-मोल्डचंच. पण ईडीएमला, म्हणजे ठिणगीनं धातू कापणाऱ्या या स्पार्क इरोजन-वायरकटला, जॉबमधून करंट जावा लागतो आणि काचेतून तो जात नाही. लेझरनं होतं, पण तशी मशीन इथं कुणाच्या शेडमध्ये नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं खरं, पण ते कातडीतून आत शिरून हाडातलं कॅल्शियम ओढतं. ते मी दारातसुद्धा येऊ देत नाही. कॉलेजच्या पोरांना सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडमध्ये पाव मिलिमीटरची भोकं आणि केसाएवढ्या चरी हव्या असतात, द्रवाचे थेंब त्यातून फिरवायला. त्यांच्यासाठी मी जी पद्धत वापरतो तिचं नाव इलेक्ट्रोकेमिकल डिस्चार्ज मशीनिंग, थोडक्यात ईसीडीएम. १९६८ साली कुराफुजी आणि सुदा या जपानी संशोधकांनी तिनं काचेत भोकं पाडल्याचं प्रसिद्ध केलं. द्रवात बुडवलेल्या तारेभोवती वायूचा पडदा धरून करंट तुटतो, हे त्याच्या फार आधीपासून माहीत होतं. एक्स-रेच्या कॉइलसाठी १८९९ साली आलेला वेनेल्टचा इंटरप्टर, म्हणजे करंट सारखा तोडणारं उपकरण, त्यावरच चालायचा.

कल्पना अशी. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काच ठेवायची. बारीक सुई डीसी सप्लायच्या निगेटिव्हला, मोठी ग्राफाइटची वडी पॉझिटिव्हला. सुईवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. व्होल्टेज वाढवलं की ते एकमेकांत मिसळून सुईभोवती वायूचं अखंड आवरण तयार होतं. आता सुई आणि पाणी यांचा संबंध तुटला, म्हणून करंट त्या आवरणातून ठिणग्या होऊन उडी मारतो. सुईच्या टोकाखाली वीस-पंचवीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत काच असेल तर तिला ती उष्णता लागते, आणि तापलेला कॉस्टिक तापलेल्या काचेला विरघळवून नेतो. ठिणगी तापवते, सोडा खातो. दोन्ही कामं सुरू असली तरच भोक पडतं. लोक ठिणगीकडं बघत बसतात आणि भोक थांबलं की व्होल्टेज वाढवतात. तिथंच काच तडकते. मी नव्या पोरांना ठिणगीकडं बघूच देत नाही. बघायचं ते करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरकडं आणि सुई किती उतरली ते दाखवणाऱ्या डायलकडं.

कॉस्टिकचं पाणी

वजनानं २५ टक्के पुरे. साडेसातशे मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात अडीचशे ग्रॅम कॉस्टिक सोडा फ्लेक्स. पाण्यात सोडा, सोड्यात पाणी कधीच नाही. आणि तोही चमच्या-चमच्यानं. एवढा सोडा एकदम टाकलात तर पाण्याला उकळी फुटून अंगावर येईल. भांडं थंड पाण्याच्या बादलीत उभं करून हलवत राहायचं. भांडं जाड प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमची पातेली अजिबात नको, सोडा तिला खाऊन हायड्रोजन सोडतो. तयार पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत भरलंत तर काही दिवसांनी बूच उघडणार नाही, तेही प्लास्टिकच्या कॅनमध्येच. पावसाळ्यात आपल्याकडं हवा इतकी ओली की उघड्या पिशवीतला सोडा संध्याकाळपर्यंत पाझरायला लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाया जायला लागतो. पिशवी बांधून, डब्यात, डबा बंद.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळालं तर ३० टक्क्यांचं करा. करंट जास्त वाहतो आणि मला तरी चरींचा तळ त्यात साफ मिळतो. महाग पडतं, म्हणून भोकांना सोडा आणि चरींना पोटॅश अशी माझी वाटणी आहे.

हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, डोळ्यांना चारी बाजूंनी बंद गॉगल, पूर्ण बाह्या. कॉस्टिक हाताला लागला तर लगेच दुखत नाही, बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे कातडीवरच्या तेलकटपणाचा साबण व्हायला लागलेला असतो. तेव्हा बुळबुळ जाणवली की हातातलं काम टाकून नळाखाली. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी, लिंबू-व्हिनेगर काही नाही, आणि धुता धुता कुणाला तरी रिक्षा आणायला पाठवायचं. म्हणून एकट्यानं हे काम करायचं नाही. चालू असताना पाण्यावर कॉस्टिकचं धुकं उठतं, घसा खवखवतो. हायड्रोजनही निघत असतो. खिडकीशी बसा आणि पंखा असा ठेवा की हवा तुमच्याकडून खिडकीकडं जाईल.

मांडणी

सप्लाय ० ते ६० व्होल्ट, ५ अ‍ॅम्पिअरचा, व्होल्टेज बारीक बदलता येणारा. सोबत काट्याचा अ‍ॅमीटर. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात, काट्याची चाल डोळ्याला कळते. साठ व्होल्टच्या खाली आहे म्हणून बिनधास्त राहू नका. हात कॉस्टिकनं ओले असले की चाळीस व्होल्टही चांगला झटका देतात. पाण्यात हात घालायच्या आधी सप्लाय बंद, दर वेळी.

पॉझिटिव्हला स्टेनलेसची पट्टी लावायचा मोह होतो, कारण ती शॉपमध्ये पडलेली असते. नको. कॉस्टिकमध्ये पॉझिटिव्हला लावलेलं स्टेनलेस हळूहळू क्रोमियम सोडतं, पाणी पिवळं पडतं आणि ते विषारी आहे. ईडीएमवाल्यांकडं ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडचे तुकडे ढिगानं असतात, त्यातला एक घ्या. सुईचा जेवढा भाग पाण्यात आहे त्याच्या निदान शंभर पट त्याचं क्षेत्रफळ असावं आणि तो दोन-तीन इंच लांब उभा करावा. काळी भुकटी गळते थोडी, ती गाळून घेता येते.

सुईबद्दल जरा थांबून सांगतो. सरावाला शिवणाची सुई चालते, टोक दगडावर घासून सपाट करायचं. टोकदार सुईची ठिणगी एका बिंदूत जमते आणि भोक कोनासारखं होतं. खऱ्या कामाला पीसीबी ड्रिलची कार्बाइडची दांडी किंवा टिगच्या वेल्डिंगची टंगस्टनची काडी. टिगच्या काड्यांतली लाल टोकाची घेऊ नका, तिच्यात थोरियम असतं, आणि ती घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जायला नको. टंगस्टन पाहिजे तेवढं बारीक करायला ग्राइंडर लागतच नाही. वेगळ्या ग्लासात सौम्य कॉस्टिक घ्यायचं, सात-आठ टक्क्यांचं, काडी पॉझिटिव्हला लावायची आणि चार-पाच व्होल्टवर वरखाली हलवत राहायची. टंगस्टन पॉझिटिव्हला असलं की विरघळतं. हलवायला विसरलात तर पाण्याच्या रेषेजवळ मान पडते. दर मिनिटाला काढून मायक्रोमीटरवर बघायची. आणि याच कारणानं, मशीनिंगला बसताना लाल-काळ्या वायरींची अदलाबदल झाली तर काचेला काहीच होत नाही, तुमची सुई मात्र डोळ्यादेखत बारीक होत जाते.

सुईचा फीड वजनावर ठेवलाय मी, मोटरवर नाही. हलकी, गुळगुळीत चालणारी उभी स्लाइड (काचेची नव्हे, सुई धरून वरखाली सरकणारी), तिच्या मागं दोरीला वजन बांधून तोल साधलेला, आणि पुढं पन्नास ते शंभर ग्रॅमचा फरक ठेवलेला. एवढ्याच जोरानं सुई काचेवर टेकते. काच खाल्ली गेली की सुई तेवढीच उतरते. मोटरचा फीड काचेच्या खाण्यापेक्षा जरा जरी जास्त झाला तरी सुई वाकते किंवा काच फुटते, आणि मोटरला ते कळत नाही. या सरकत्या स्लाइडवर एक डायल लावायचा, दहा मायक्रॉनचा चालतो. सुई पिन-चकमध्ये धरून फिरवून बघायची. रनआउट दिसला, म्हणजे टोक डगमगलं, तर भोक आपोआप तेवढं मोठं.

स्लाइड काच ७५ बाय २५ मिमी, साधारण एक मिलिमीटर जाडीची, ती साधी सोडा-लाइम काच. ती तापून प्रसरण पावते बोरोसिलिकेटच्या जवळजवळ पावणेतीन पट, म्हणून तडकतेही लवकर. जमेल तिथं बोरोसिलिकेट मागून घ्या. आरपार भोक असेल तर खाली दुसरी टाकाऊ स्लाइड चिकटवायची, नाहीतर सुई बाहेर पडताना खालच्या तोंडाचा टवका उडतो. चिकटवायला लाख वापरू नका, ती कॉस्टिकमध्ये विरघळते. पॅराफिनचं मेण घ्या. बाजारातल्या काही मेणबत्त्यांत स्टिअरिक अ‍ॅसिड असतं, त्याचा इथं साबण होऊन काच सुटते. मेणासाठी पाणी फार तापू द्यायचं नाही. हात लावून बघायची सोय नाही, थर्मामीटर ठेवा आणि पन्नासच्या खाली राहा.

काचेच्या वर पाण्याची पातळी एक मिलिमीटर, जास्त नाही. सुई जितकी जास्त बुडाली तितके बुडबुडे बाजूनं निघणार आणि करंट फुकट जाणार. पण मग पाणी उडून पातळी उतरते आणि सगळी सेटिंग हलते. मी वर सलाइनचा ड्रिप सेट टांगलाय, त्यातून डिस्टिल्ड वॉटरचा थेंब-थेंब. कॉस्टिक भरायचं नाही, कारण उडतं ते पाणीच.

सुरू करताना

सुई काचेला टेकवा, डायल शून्यावर आणा, मग सुई जरा वर उचलून सप्लाय चालू करा आणि व्होल्टेज सावकाश वाढवत न्या. पाच-दहा व्होल्टला बारीक बुडबुडे सुटतात. पंधराच्या पुढं सुईभोवतीचं पाणी दुधाळ होतं आणि काटा चढत राहतो. मग एका ठिकाणी काटा चढायचा थांबतो. व्होल्टेज वाढवताय पण करंट वाढत नाही. इथं हात आणखी हळू करा. पंचवीस ते तीसच्या दरम्यान कुठंतरी, सुईची जाडी आणि पाण्याचं तापमान बघून, काटा एकदम खाली पडतो, थरथरायला लागतो, आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. सुईभोवती पिवळी-नारिंगी प्रभा दिसते, सोड्यातल्या सोडियमची. पोटॅश असेल तर तीच जांभळट. काटा पडला तो आकडा लिहून ठेवा. तुमचं सगळं काम त्याच्या वर चार-सहा व्होल्टमध्ये चालायचं आहे. चाळीसच्या पुढं मी फक्त क्वार्ट्झला जातो.

हा आकडा रोज नव्यानं काढायचा. डिसेंबरात बेळगावची सकाळ पंधरा अंशांच्या आसपास असते, तेव्हा आवरण उशिरा धरतं. दुपारी पाणी कोमट झालं की तेच दोन-तीन व्होल्ट आधी धरतं, आणि सकाळच्या सेटिंगवर तुम्ही काच भाजत बसता. पाण्यात थेंबभर साबण टाकला तर पृष्ठताण कमी होऊन हा आकडा खाली येतो, आवरणही पातळ होतं. फेस होतो, पण बारीक चरींना उपयोग होतो.

आता सुई सोडा. पहिले दोनशे-तीनशे मायक्रॉन झपाट्यानं जातात. डायलचा काटा डोळ्यादेखत फिरतो. मग एकदम मंदावतो. घाबरायचं कारण नाही आणि व्होल्टेजला हात लावायचं तर मुळीच नाही. झालंय एवढंच की भोक खोल झाल्यामुळं खाली ताजा कॉस्टिक पोचत नाही, विरघळलेली काच वर येत नाही आणि वायू अडकलाय. ठिणगी चालू आहे पण सोड्याचं काम थांबलंय. माझ्याकडचा कानडी पोरगा ते आवाजावरूनच ओळखतो, "मालक, आवाज कोरडा व्हायलाय." उपाय म्हणजे सुई पाव-अर्धा मिलिमीटर वर उचलायची, दोन सेकंद पाणी आत जाऊ द्यायचं, परत सोडायची. दर पन्नास मायक्रॉनला असं. सुई सावकाश फिरवली, मिनिटाला दोन-चारशे फेरे, तर आणखी बरं. सुईची एक बाजू दगडावर घासून चपटी केली तर त्या फटीतून पाणी वर-खाली होतं. याच्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर सप्लाय सलग न देता मॉसफेटमधून (हा इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडून द्या, दोन-तीन मिलिसेकंद चालू, एक बंद. बंद असताना काच थोडी निवते आणि पाणी आत शिरतं. वेळ जास्त लागतो पण भोकाचं तोंड खूपच स्वच्छ येतं. मी ग्राहकाच्या कामाला आता असंच चालवतो. सरावाला सलग डीसीच बरा, कारण काट्याची भाषा त्याच्यात लवकर कळते.

एक मिलिमीटर काच आरपार करायची असेल तर निम्मी एका बाजूनं, निम्मी दुसऱ्या बाजूनं. दोन्ही बाजूंचा उथळ, वेगाचा भाग वापरला जातो. काच धरणाऱ्या फिक्श्चरला दोन डाउएल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिना, घातल्या की काच उलटली तरी जागा तीच राहते.

चरी करायला सुई तीच, फक्त काच खालून सरकवायची. एका फेरीत पन्नास मायक्रॉनपेक्षा खोल नको. टेबल इतकं सावकाश न्यायचं की चाललंय असं डोळ्याला वाटूच नये. व्होल्टेज अगदी काठावर. इथं वजनाचा फीड चालत नाही, सुई काचेच्या दहा-वीस मायक्रॉन वर पक्की करून ठेवावी लागते, म्हणून काच आधी डायलनं सपाट लावून घ्यायची.

धुणं

काच काढल्यावर भोकात पांढरा थर दिसतो. तो सोडियम सिलिकेट. सवयीनं लोक आधी व्हिनेगर टाकतात. आम्ल लागलं की त्याचा सिलिकाचा जेल होऊन भोकातच बसतो, मग टाचणीनंही निघत नाही. आधी कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भरपूर भिजवायचं, चष्मेवाल्यांकडं असतं तसं अल्ट्रासॉनिक असेल तर त्यात पाच मिनिटं, आणि शेवटी सौम्य व्हिनेगरचा एक हात. मेण गरम पाण्यानं सोडवायचं. मग यूएसबीच्या मायक्रोस्कोपखाली, खालून उजेड देऊन बघायचं. भोकाच्या कडेला सरळ चमकती रेघ दिसली तर ती तडा. नुसती गोल, वितळल्यासारखी गुळगुळीत कड असेल तर ठीक. सुरुवातीला सांगितलेली स्क्रीन आणि गॉगलची युक्ती इथंही करायची. भोकाभोवती उजळ फुली दिसली तर ताण राहिलाय, पुढच्या भोकाला दोन व्होल्ट कमी.

वापरलेलं पाणी गटारात नाही. आपल्या गटारांचं पाणी बळ्ळारी नाल्याला जातं आणि नाला शहापूर-वडगावच्या भातशेतात शिरतो हे दर पावसाळ्यात बघतो आपण. गाळून पुन्हा वापरता येतं. अगदीच गढूळ झालं की भरपूर पाणी घालून सौम्य हायड्रोक्लोरिक थेंबाथेंबानं टाकत लिटमस निळा होईनासा होईपर्यंत न्यायचं, जेल खाली बसू द्यायचा, तो वेगळा काढायचा.

भाव सांगताना

कोल्हापूरहून किंवा पुण्याहून ड्रॉइंग येतं त्यावर ०.३ मिलिमीटरच्या भोकाला ±०.०१, म्हणजे एवढाच फरक चालेल असं, लिहिलेलं असतं, कारण काढणाऱ्यानं स्टीलच्या ड्रॉइंगवरून उचललेलं असतं. फोन करून विचारा त्या भोकात काय बसणार आहे. नुसतं पाणी जाणार असेल तर त्याला एवढं अचूक नको असतं. या पद्धतीत भोक सुईपेक्षा मोठं येतं आणि वरचं तोंड खालच्यापेक्षा रुंद. ०.३ च्या भोकाला मी ०.२ ची सुई लावतो, आणि वरचं माप कुठलं, खालचं कुठलं ते दोन्ही कोटेशनवर लिहून देतो. त्याच काचेच्या दोन-चार जादा स्लाइड ग्राहकाकडूनच मागवा, त्या दिवशीचं व्होल्टेज त्यांच्यावर काढायचं असतं.